आंतरराष्ट्रीय छायाचित्र स्पर्धेसाठी पहिली प्रवेशिका : मिरजेचे चाचा आणि कासचे फूल

कृष्णाकाठ (मिरज) यांचा प्रश्न

नमस्कार. मी मिरजेत राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली सात वर्षे सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पडते. जिल्ह्यातल्या दोन प्रदर्शनांत माझी छायाचित्रे लागली होती, परंतु देशाबाहेर आजवर एकही प्रवेशिका पाठवलेली नाही. यंदा ती पाठवायचीच असे ठरवून चार-पाच स्पर्धांच्या नियमावल्या वाचायला घेतल्या आणि जितके वाचत गेले तितका गोंधळ वाढत गेला, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

माझ्या मनात दोन छायाचित्रे आहेत. आधी कोठे प्रसिद्ध झालेले छायाचित्र काही स्पर्धांना चालत नाही असे वाचल्यामुळे ती येथे जोडत नाही, शब्दांतच सांगते.

पहिले छायाचित्र सतारमेकर गल्लीतले आहे. एक वयोवृद्ध कारागीर, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, खिडकीखाली मांडी घालून बसले आहेत. वाद्याचा भोपळा त्यांच्या मांडीवर आहे, कान त्याच्याकडे झुकलेला आहे, उजव्या हाताचे बोट तारेवर आहे आणि डाव्या हाताच्या चिमटीत पांढऱ्या सुताचा एक दोरा घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ), तारेच्या खाली धरलेला आहे. डोळे मिटलेले आहेत. वरच्या कोपऱ्यात वाद्याच्या चार खुंट्या दिसतात आणि खिडकीतून आलेल्या उजेडाच्या पट्ट्यात लाकडाचा बारीक भुसा तरंगताना दिसतो. याला मी 'वाद्य दुरुस्त करणारा वृद्ध' असे शीर्षक दिले आहे आणि सोबतच्या मजकुरात 'लोप पावत चाललेली कला' असे लिहिले आहे.

दुसरे छायाचित्र कासच्या पठारावरचे, सीतेची आसवे या इवल्याशा फुलाचे आहे. फूल इतके लहान की मॅक्रो लेन्सने एका वेळी त्याची एखादीच पाकळी स्पष्ट येते, म्हणून फोकस थोडा थोडा पुढे सरकवत सहा फ्रेम काढल्या आणि त्या संगणकावर एकत्र केल्या. मागे पायवाटेला बांधलेल्या दोरीचा धूसर तुकडा डोळ्यांत खुपत होता, तो पुसून टाकला.

यांपैकी कोणते छायाचित्र कोणत्या स्पर्धेला पाठवावे, पुसलेल्या दोरीमुळे काही अडचण येईल का, शुल्क भरणे कितपत योग्य आहे आणि आयोजक मागतात ते 'हक्क' नेमके काय असतात, हे कृपया सांगावे. चाचांची परवानगी मी तोंडी घेतलेली आहे.

यवतेश्वर (सातारा) यांचे उत्तर

ताई, आधी दोरीविषयी लिहितो, कारण आपली प्रवेशिका बाद होण्याचा खरा धोका तेथेच आहे.

निसर्ग विभागासाठी फियाप, म्हणजे १९५० मध्ये स्थापन झालेला छायाचित्रणकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तीन संस्थांनी मिळून एक व्याख्या ठरवली आणि ती २०१५ पासून लागू झाली. त्या व्याख्येनुसार छायाचित्राची कड कापता येते, उजेड-अंधार आणि रंग नैसर्गिक दिसतील इतपत सुधारता येतात आणि आपण केले तसे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम एकत्र करणेही चालते. पण चौकटीत असलेली वस्तू पुसणे किंवा नसलेली घालणे अजिबात चालत नाही. गवताची एक काडी पुसली तरी ते चित्र त्या विभागातून गेले. मात्र दोरी तशीच ठेवूनही सुटका नाही, कारण माणसाने निर्माण केलेली वस्तू त्या निसर्गकथेचा भागच असल्याशिवाय चौकटीत असू नये, असाही नियम आहे. त्यामुळे आपण मूळ सहा रॉ फाइलींकडे (कॅमेऱ्याने टिपलेल्या, कोणताही बदल न केलेल्या फाइलींकडे) परत जावे, त्या नव्याने जोडाव्यात आणि दोरीची बाजू कापून काढता येते का ते पाहावे. दोरी थेट फुलाच्या मागेच असेल तर ते छायाचित्र निसर्ग विभागात पाठवू नये, हे मी मनापासून सांगतो. कासचा पुढचा हंगाम दूर नाही आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओल्या कातळावर हे फूल पुन्हा गालिच्यासारखे पसरणार आहे. त्या वेळी दोरीकडे पाठ करून बसावे आणि पायाखाली काय आहे हे पाहूनच गुडघा टेकवावा.

एवढ्याशा पुसण्याला कोण विचारतो, असे नवख्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात अंतिम टप्प्यावर पोहोचलेल्या छायाचित्राची मूळ फाइल मोठ्या स्पर्धा मागवतात आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवून तपासतात. १९५५ पासून चालणाऱ्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे २० टक्के छायाचित्रे अशा तपासणीत बाद झाली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला २००९ चे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि जानेवारी २०१० मध्ये ते पारितोषिक परत घेतले. आता तर संगणकाला सांगून रिकामी जागा 'भरून घेण्याची' सोय अनेक सॉफ्टवेअरमध्ये आली आहे. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या एका विभागात निवडल्या गेलेल्या कलावंताने आपले चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले आहे असे स्वतःच जाहीर करून पारितोषिक नाकारले. त्यामुळे नियमावलीत या सोयींविषयी काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

स्पर्धा कोणती निवडावी, याविषयी. आपल्यासाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. एक वाट फियापच्या किंवा अमेरिकन सोसायटीच्या मान्यतेने भरणाऱ्या सॅलॉनची, म्हणजे निवडक छायाचित्रांच्या प्रदर्शन-स्पर्धांची. तेथे विभागवार बहुधा चार छायाचित्रे घेतात, किमान तीन परीक्षक गुण देतात आणि स्वीकृती मिळाली की ती नोंदली जाते. अशा स्वीकृती साठत गेल्या की पुढे फियापच्या 'आर्टिस्ट', 'एक्सलन्स' अशा सन्मानांसाठी अर्ज करता येतो. असे सॅलॉन भारतातही, विशेषतः कोलकाता आणि त्याच्या परिसरात, पुष्कळ भरतात, तेव्हा पहिल्या प्रयत्नासाठी परदेशी चलनच मोजले पाहिजे असे नाही. दुसरी वाट मोठ्या वार्षिक पारितोषिकांची. सोनीच्या स्पर्धेला आणि दुबईच्या हमदान पारितोषिकाला प्रवेश शुल्क नाही. लंडनच्या वन्यजीव स्पर्धेत प्रौढांना २५ पर्यंत छायाचित्रे पाठवता येतात, आणि १७ वर्षांपर्यंतच्या मुलांकडून शुल्क घेत नाहीत. आपण शिक्षिका आहात म्हणून हे मुद्दाम लिहिले. आपल्या वर्गातले एखादे मूल कॅमेऱ्यात रमत असेल तर त्याला जरूर सांगावे.

वर्ल्ड प्रेस फोटो मात्र व्यावसायिक वृत्तछायाचित्रकारांसाठी आहे, त्या वाटेला जाऊ नये.

गणपती पेठ (सांगली) यांचे उत्तर

माझा व्यवसायच छायाचित्रणाचा असल्यामुळे हक्क आणि पैसे या दोनच बाबींवर लिहितो.

नियमावली हा करार असतो. 'मान्य आहे' या चौकोनात आपण खूण केली की सही केल्यासारखेच आहे, म्हणून पारितोषिकाचे पान वाचण्याआधी हक्कांचे कलम वाचावे. स्पर्धेचा प्रचार, प्रदर्शन आणि पुस्तिका यांसाठी, छायाचित्रकाराचे नाव देऊन, ठरावीक मुदतीपर्यंत छायाचित्र वापरण्याची परवानगी मागणे रास्त आहे. परंतु आलेल्या प्रत्येक छायाचित्राचा, मग ते जिंको वा न जिंको, कायमचा, कोणत्याही कारणासाठी, इतरांनाही देता येईल असा वापर मागितला असेल, तर ती स्पर्धा म्हणजे फुकटात छायाचित्रे गोळा करण्याचा उद्योग समजावा. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात छायाचित्र काढणारी व्यक्तीच त्याची कर्ती मानली आहे आणि त्या व्यक्तीच्या हयातीत आणि तिच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. प्रताधिकार दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, असे कायदा धरतो. मात्र परदेशी आयोजक बहुधा त्यांच्या स्वतःच्या देशाचा कायदा लागू राहील असे कलम घालतात, तेव्हा या तरतुदींच्या भरवशावर डोळे झाकून खूण करू नये.

आता माझा एक अनुभव. काही वर्षांपूर्वी हळदीच्या बाजारात एका हमालाचे छायाचित्र काढले होते. पोते रिकामे करताना भुवया, पापण्या, मिशा सगळे पिवळेधमक झालेले, आणि त्यातून फक्त डोळे काळे दिसत होते. ते एका स्पर्धेला पाठवले. प्रवेश शुल्क भरले, पंधरवड्यात 'आपले छायाचित्र अंतिम निवडीत आले आहे' असे पत्र आले आणि घरात पेढे वाटले गेले. पुढच्या पत्रात पुस्तिकेत छायाचित्र हवे असल्यास वेगळी रक्कम, त्यानंतरच्या पत्रात प्रशस्तिपत्राची वेगळी आणि सन्मानचिन्हाची तर फारच मोठी रक्कम मागितली होती. मी पुस्तिकेपर्यंतचे पैसे भरले. तिच्यात शेकडो 'अंतिम निवडी' होत्या आणि माझे छायाचित्र टपाल तिकिटाएवढे छापलेले होते. जिंकल्यानंतर पैसे मागणाऱ्या स्पर्धेपासून दूर राहावे, असे मी आता नवोदितांना स्पष्ट सांगतो. परीक्षकांची नावे आधी जाहीर आहेत का आणि मागच्या वर्षांची विजेती छायाचित्रे पाहायला मिळतात का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

शुल्क परदेशी चलनात असेल तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्यावा लागतो, आणि बँक चलनबदलाचा आकार वर लावते तोही धरावा. शेवटच्या रात्रीवर ठेवू नये.

कृष्णाकाठ (मिरज)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रॉ फाइली उघडून पाहिल्या. दोरी उजव्या कडेला आहे आणि कापल्यावरही फूल चौकटीत नीट बसते, त्यामुळे पुसलेली आवृत्ती मी बाजूला ठेवली आहे.

आपली उत्तरे वाचून एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे आणि ती लपवू इच्छित नाही. चाचांचे छायाचित्र काढले त्या दिवशी मी त्या दुकानात मालकांच्या सांगण्यावरून गेले होते. त्यांना जाहिरातीसाठी वाद्यांची छायाचित्रे हवी होती आणि त्या कामाचे पैसे मी घेतले. ते काम संपल्यावर चाचा आपल्या नेहमीच्या जागी खिडकीखाली बसले आणि हे छायाचित्र मी माझ्यासाठी म्हणून काढले. यावर हक्क कोणाचा?

गणपती पेठ (सांगली)

बरे झाले विचारलेत. प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ मध्ये असे आहे की कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर वेगळा करार नसल्यास प्रताधिकाराची पहिली मालकी त्या सांगणाऱ्याची. लग्नाच्या अल्बमचेही तेच आहे. आमच्यापैकी अनेकजण वधूचे सुंदर छायाचित्र बेलाशक स्पर्धेला पाठवतात आणि ते आपले नाही हे त्यांना माहीतही नसते. आपले छायाचित्र ठरलेल्या कामाच्या बाहेरचे आहे असे म्हणता येईल, परंतु जागा तीच, दिवस तोच, मोबदलाही त्याच दिवसाचा; उद्या कोणी वाद घातला तर सिद्ध करत बसावे लागेल. मालकांकडून चार ओळींचे पत्र घ्यावे : अमुक तारखेला काढलेले अमुक छायाचित्र आमच्या कामाचा भाग नाही, त्यावर आमचा कोणताही हक्क नाही आणि ते स्पर्धेस पाठवण्यास आमची हरकत नाही. चाचांचीही लेखी संमती घ्यावी. ती मराठीत किंवा त्यांना सोयीच्या भाषेत लिहावी, त्यांच्यासमोर वाचून दाखवावी आणि खाली इंग्रजी भाषांतर जोडावे. छायाचित्र परदेशात प्रदर्शित होऊ शकते आणि छापले जाऊ शकते, हे त्यात स्पष्ट असावे.

कृष्णामाई (वाई) यांचे उत्तर

मी वयाने या सर्वांत बहुधा मोठा असेन. आम्ही सॅलॉनला छायाचित्रे पाठवत होतो ती कागदावर. ३० बाय ४० सेंटिमीटरचा कृष्णधवल प्रिंट घरच्या अंधाऱ्या खोलीत तयार करायचा, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधायचा आणि पोस्टात द्यायचा. कित्येक महिन्यांनी तो परत यायचा तेव्हा आम्ही आधी त्याची मागची बाजू पाहत असू, कारण स्वीकारला असेल तर तेथे त्या सॅलॉनचे लेबल चिकटवलेले असे. माझ्याकडे एका प्रिंटच्या पाठीवर पाच देशांची लेबले आहेत आणि पुढच्या बाजूला मेणवलीच्या घाटावर कपडे धुणारी एक बाई आहे. तिचे नाव मी विचारले नव्हते. तिला ते छायाचित्र कधी दाखवलेही नाही. आज याची खंत वाटते, म्हणून चाचांविषयी सविस्तर लिहीत आहे.

आपण केलेल्या वर्णनात चार खुंट्या आहेत, घोडीवर तारेखाली सुताचा दोरा आहे आणि कान भोपळ्याकडे आहे. ताई, हे दुरुस्तीचे काम दिसत नाही. ते वाद्य तंबोरा असावे आणि चाचा त्याची जवारी लावत असावेत. घोडीचा पृष्ठभाग अगदी किंचित उतरता घासलेला असतो; तार छेडली की ती त्या उतारावर पुन्हा पुन्हा हलकेच टेकते आणि त्यातून स्वराला ती गुंजन करणारी, भरलेली आस मिळते. तंबोऱ्यात दोरा केसभर पुढे-मागे सरकवून ती आस नेमक्या जागी आणतात. ती जागा डोळ्यांनी दिसत नाही, कानांनीच सापडते, आणि म्हणूनच त्यांनी डोळे मिटले आहेत. आपल्या छायाचित्रात ऐकणे दिसते. इतकी मोठी गोष्ट चौकटीत असताना आपण शीर्षकात 'वृद्ध' आणि 'दुरुस्त' हे दोन शब्द घातले आहेत आणि ते दोन्ही चाचांवर अन्याय करणारे आहेत.

'लोप पावत चाललेली कला' हेही काढून टाकावे. परदेशातल्या परीक्षकांना असे लिहिलेले आवडते, अशी समजूत आपल्याकडे रुजलेली आहे. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोहोंना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्या गल्लीत आजही वाद्ये तयार होतात. कारागिरांपुढे अडचणी असतील, तर त्या चाचांना विचारून, त्यांच्या शब्दांत लिहाव्यात. आपल्या मनाने त्यांच्या कलेला निरोप देऊ नये.

शीर्षकाबाबत तांत्रिक सूचनाही आहे. सॅलॉनमध्ये एका छायाचित्राला एकदा दिलेले शीर्षकच पुढे सर्वत्र ठेवावे लागते. तेच छायाचित्र नाव बदलून दुसरीकडे पाठवणे नियमभंग ठरते. म्हणून 'जवारी' हा शब्द रोमन लिपीत जसाच्या तसा ठेवावा, असे मी सुचवतो. सॅलॉनचे परीक्षक एका छायाचित्रासमोर काही सेकंदच असतात आणि सोबतचा मजकूर बहुधा पाहत नाहीत, तेव्हा तेथे चित्रानेच बोलले पाहिजे. सोनीसारख्या स्पर्धेत मात्र मजकुराला जागा असते आणि जवारी म्हणजे काय हे तेथे तीन वाक्यांत सांगता येईल. वृत्तछायाचित्र विभागात पाठवणार असाल तर छायाचित्रासाठी मुद्दाम जुळवून आणलेला प्रसंग तेथे चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे. चाचा आपल्या नेहमीच्या जागी बसलेले होते हे आपण वर लिहिलेच आहे.

यवतेश्वर (सातारा)

काकांच्या उत्तरात भर घालण्यासारखे थोडेच आहे. फाइल एसआरजीबी या रंगावकाशात (फाइलमध्ये रंग नोंदवण्याच्या पद्धतीत), नियमावलीने दिलेल्या पिक्सेलच्या मापातच तयार करावी. दुसऱ्या रंगावकाशातली फाइल त्यांच्या पडद्यावर फिकी दिसते आणि आपण टिपलेला खिडकीचा उजेड मारला जातो. छायाचित्रावर नाव किंवा चिन्ह टाकू नये, कारण परीक्षकांना कर्ता कळता कामा नये. मुदत ग्रीनविचच्या वेळेनुसार दिलेली असेल तर आपले घड्याळ साडेपाच तास पुढे असते, हा हिशेबही करून ठेवावा.

कृष्णाकाठ (मिरज)

काल संध्याकाळी सतारमेकर गल्लीत जाऊन आले. मालकांनी पत्र लगेच दिले. चाचांसाठी संमतिपत्र मराठीत लिहून नेले होते आणि ते सावकाश वाचून दाखवले. छायाचित्राचा मोठा प्रिंट मी प्रथमच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि वाईच्या काकांचे म्हणणे बरोबर निघाले, वाद्य तंबोराच आहे. मी 'जवारी लावताना' असे लिहिणार असल्याचे सांगितल्यावर त्यांनी एक दुरुस्ती सांगितली. या क्षणी दोरा जागेवर बसलेला होता, जवारी लागलेली होती. ती लागली आहे याची खात्री करण्यासाठी ते षड्जाची तार पुन्हा छेडून ऐकत होते. मजकुरातले ते वाक्य मी तेथेच बसून बदलले, त्यांना पुन्हा वाचून दाखवले आणि मग त्यांनी सही केली. शीर्षक 'जवारी' असेच ठेवले आहे. हे छायाचित्र सोनीच्या खुल्या विभागासाठी आणि कासचे फूल फियापच्या मान्यतेच्या एका भारतीय सॅलॉनच्या निसर्ग विभागासाठी, असे ठरवले आहे. प्रिंट चाचांनी ठेवून घेतला.